आजीचं बीपी १०४, मग गोळी बंद करायची का?

गेल्या दिवाळीत आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. बीपीच्या मशीनचा. वर १०४, खाली ६२, नाडी ७८. फोटो मामाने टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, "आईचं बीपी लो झालंय. काय करायचं?"

पुढच्या अर्ध्या तासात मेसेजचा पाऊस पडला. मावशी म्हणाली, मीठ-साखरेचं पाणी द्या. अमेरिकेतल्या मावसभावाने एक लिंक टाकली आणि सांगितलं की नव्या संशोधनाप्रमाणे वरचं बीपी १२० च्या खालीच असावं, तेव्हा हे तर उत्तम आहे. मामीचा प्रश्न जास्त व्यवहारी होता. ती नवी महागडी गोळी सुरू केल्यापासूनच बीपी उतरलंय, मग ती कशाला चालू ठेवायची? शेवटी सगळे माझ्याकडे वळले. मी संख्याशास्त्रात पीएचडी करते, औषधांशी माझा काही संबंध नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण 'पीएचडी' म्हटलं की अर्धी डॉक्टर झालीच! मीही शहाणपणाने लिहिलं, "एक-दोन दिवस थांबवून बघू."

एक-दोन दिवसांचे नऊ झाले. दिवाळी होती, दवाखाना बंद होता, येणारे-जाणारे होते, त्यात कुणाच्या लक्षात राहिलं नाही. नवव्या रात्री आजी पलंगावर उशीला टेकून बसूनच राहिली. आडवं झालं की दम लागत होता. सकाळी पाय बघितले तर घोट्यावर बोट दाबलं की खड्डा पडत होता. मग अ‍ॅडमिट, ऑक्सिजन, अंगातलं पाणी काढायची इंजेक्शनं, पाच दिवस. आता ती बरी आहे, नाहीतर हा लेख लिहायचा मला धीर झाला नसता.

गोळी बंद केली म्हणूनच हे झालं, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एका माणसावरून कारण सिद्ध होत नाही, आणि त्या नऊ दिवसांत चिवडा, चकली, शेव हेही यथेच्छ झालं होतं. पण ग्रुपवर त्या दिवशी जो गोंधळ झाला, तो मला तेव्हापासून छळतोय. मावसभाऊ ज्या अभ्यासाबद्दल बोलत होता तो खरा आहे. मावशीची काळजीही खोटी नव्हती. मामीचं निरीक्षणसुद्धा बरोबर होतं. तरीही तिघांचं उत्तर चुकलं, आणि माझं तर सगळ्यात जास्त. हे कसं काय, ते आज बघू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. 'हार्ट फेल्युअर' म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदय चालूच असतं, पण शरीराला हवं तेवढं रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, किंवा ढकलतं पण त्यासाठी आतला दाब फार वाढवावा लागतो. मग मागे रक्त तुंबतं. फुप्फुसात पाणी साठलं की दम लागतो, पायात साठलं की सूज येते. आपल्याकडे इको झाल्यावर नातेवाईक विचारतात ना, "पंपिंग किती आहे?", तो आकडा म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, तो. निरोगी माणसाचं पंपिंगसुद्धा १०० टक्के नसतं, साधारण ५५ ते ७० असतं. आजीचं तीन वर्षांपूर्वीच्या हार्ट अटॅकनंतर ३० आहे. आणि काही रुग्णांचं, विशेषतः उतारवयातल्या बायकांचं, पंपिंग ५५-६० असूनही हार्ट फेल्युअर असतं. त्यांचं हृदय आकुंचन नीट पावतं, पण ताठ झाल्यामुळे सैल पडून नीट भरत नाही. या दुसऱ्या प्रकाराकडे पुन्हा येऊ.

आता बीपीकडे. रक्तदाब दोन गोष्टींवर ठरतो. हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकतं आणि रक्तवाहिन्या त्याला किती अडवतात. आमच्या सोसायटीतलं उदाहरण देते. चौथ्या मजल्यावर नळाला पाणी बारीक येतंय. कारण काय? एक शक्यता अशी की खालून कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवून दाब मुद्दाम कमी केलाय, पंप ठणठणीत आहे. दुसरी शक्यता अशी की पंपाची मोटरच दमलीय. नळाखाली बादली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही वेळी सारखंच दिसतं. बीपीचं मशीन म्हणजे तो बादलीवाला माणूस. १०४ हा आकडा तो सांगतो, १०४ का, ते त्याला कळत नाही.

मावसभावाची लिंक

ती लिंक 'स्प्रिंट' नावाच्या अमेरिकी अभ्यासाची होती. २०१५ साली तो प्रसिद्ध झाला तेव्हा बीपीच्या जगात खळबळ उडाली होती. पन्नाशीच्या पुढचे ९,३६१ लोक घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाचं वरचं बीपी १४० च्या खाली ठेवायचं, दुसऱ्याचं १२० च्या खाली. साधारण सव्वातीन वर्षांनी दिसलं की १२० वाल्या गटात १५५ मृत्यू झाले आणि १४० वाल्या गटात २१०. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे, १२० वाल्या गटात ६२ जणांना हार्ट फेल्युअर झालं, दुसऱ्यात १०० जणांना. अभ्यास ठरल्या वेळेआधीच थांबवला, कारण फरक स्पष्ट होता.

"म्हाताऱ्या माणसांना हे लागू नाही" असं म्हणायचीही सोय नाही. त्या अभ्यासात पंचाहत्तरीच्या पुढचे २,६३६ जण होते. त्यांच्यात मृत्यू ७३ विरुद्ध १०७. त्याआधी २००८ साली 'हायव्हेट' नावाच्या अभ्यासात ऐंशीच्या पुढच्या ३,८४५ लोकांवर हाच प्रश्न तपासला होता. वरचं बीपी १६० च्या वर असलेल्या या आजी-आजोबांना औषध दिल्यावर हार्ट फेल्युअरचं प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे 'या वयात बीपी थोडं जास्त असायचंच' ही जुनी समजूत तिथे मोडली. उतारवयातही वाढलेलं बीपी आटोक्यात आणलं तर हार्ट फेल्युअर टळतं. इथपर्यंत मावसभाऊ शंभर टक्के बरोबर.

पण संशोधनाचा लेख वाचताना आम्हाला एक सवय लावलेली असते. निकाल वाचायच्या आधी 'कोणाला घेतलं नाही' ते वाचा. स्प्रिंटमध्ये कोणाला घेतलं नव्हतं? मधुमेही. ज्यांना पूर्वी पक्षाघात झाला होता ते. जे वृद्ध नर्सिंग होममध्ये राहतात ते. उभं राहिल्यावर ज्यांचं वरचं बीपी ११० च्या खाली जातं ते. आणि गेल्या सहा महिन्यांत ज्यांना हार्ट फेल्युअरची लक्षणं होती किंवा ज्यांचं पंपिंग ३५ टक्क्यांच्या खाली आहे ते.

म्हणजे आमची आजी त्या अभ्यासाच्या दारातूनच परत आली असती. १२० चा तो आकडा हार्ट फेल्युअर होऊ नये म्हणून आहे. झाल्यानंतर काय, याचं उत्तर त्या अभ्यासात नाही, कारण तो प्रश्नच विचारला नव्हता.

उलटा आलेख

मग ज्यांना हार्ट फेल्युअर झालंय त्यांच्यात काय दिसतं? इथे मला पहिल्यांदा वाचताना वाटलं की आपण तक्ता उलटा वाचतोय.

अमेरिकेतल्या २५९ हॉस्पिटलांत हार्ट फेल्युअरसाठी दाखल झालेल्या ४८,६१२ रुग्णांची नोंद 'ऑप्टिमाइझ-एचएफ' या नोंदवहीत आहे. सरासरी वय ७३. दाखल होताना वरचं बीपी किती होतं त्यावरून त्यांचे चार गट केले आणि त्यातले किती जण हॉस्पिटलमध्येच दगावले ते मोजलं. बीपी १६१ च्या वर होतं त्यांच्यात १.७ टक्के. १४० ते १६१ मध्ये २.५. १२० ते १३९ मध्ये ३.६. आणि १२० च्या खाली होतं त्यांच्यात ७.२ टक्के. म्हणजे जेवढं बीपी कमी तेवढा धोका जास्त! ज्या १६५ ला एरवी आपण घाबरतो, त्या गटाचे लोक सगळ्यात जास्त वाचले.

आता यावरून "हार्ट फेल्युअरमध्ये बीपी वाढलेलं चांगलं" असा निष्कर्ष काढायचा का? मावशीचं मीठ-साखरेचं पाणी नेमकं याच निष्कर्षातून येतं, मग तिने तो तक्ता पाहिलेला नसो. (आणि हो, हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला मिठाचं पाणी पाजणं म्हणजे तुंबलेल्या गटारात आणखी पाणी सोडणं. सुदैवाने आजीने ते प्यायला साफ नकार दिला.)

माझं स्वतःचं संशोधन साधारण याच डोकेदुखीवर आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते. स्प्रिंटमध्ये बीपी कोणाचं किती ठेवायचं ते संशोधकांनी ठरवलं, तेही चिठ्ठ्या टाकून. ऑप्टिमाइझमध्ये कोणी काही ठरवलं नाही. लोक आपापलं बीपी घेऊन दारात आले. ज्याचं बीपी १०० होतं त्याचं १०० का होतं? पुष्कळदा यासाठी की मोटर दमलेली होती. ज्याचं १७० होतं त्याच्या हृदयात एवढा दाब निर्माण करायची ताकद अजून शिल्लक होती. मग मृत्यूचं कारण कमी बीपी, की कमी बीपी आणि मृत्यू या दोन्हींमागे असलेलं थकलेलं हृदय? ताप आलेल्या माणसाच्या काखेतला थर्मामीटर बर्फात बुडवून ताप उतरत नाही. तसंच बीपीचा आकडा कसाबसा वर चढवून हृदय सुधारत नाही.

संख्याशास्त्रात यावर काही उपाय आहेत. एक म्हणजे जोड्या लावणं. कमी बीपीवाला एक रुग्ण घ्यायचा आणि त्याच्याशी वय, किडनी, मधुमेह, औषधं, आधीचे आजार अशा डझनावारी बाबतींत मिळताजुळता पण बीपी जास्त असलेला दुसरा शोधायचा. पत्रिका जुळवण्यासारखंच, फक्त गुण ३६ पेक्षा जास्त. पंपिंग चांगलं असलेल्या हार्ट फेल्युअरच्या वृद्ध रुग्णांवर असा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. एवढं जुळवूनही १२० च्या खाली बीपी असलेल्यांना पहिल्या महिन्यात मृत्यूचा धोका साधारण दुप्पट दिसला. म्हणजे सगळा दोष 'आधीच जास्त आजारी होते' यावर ढकलता येत नाही. पण जोड्या फक्त नोंदलेल्या गोष्टींच्याच लागतात. माणूस किती अशक्त झालाय, जेवतो का, चार पावलं चालतो का, हे कुठल्या रकान्यात लिहिलेलं असतं? त्यामुळे माझ्या मते या अभ्यासातून एवढंच घ्यावं की वयस्कर हार्ट फेल्युअरच्या रुग्णात ११० दिसलं म्हणून टाळ्या वाजवू नयेत. त्यावरून गोळ्या बंद करू नयेत, कारण गोळ्या बंद केल्यावर काय होतं हे त्यात तपासलेलंच नाही.

मग डॉक्टर लोक कोणता आकडा धरतात? २०१७ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांमध्ये हार्ट फेल्युअर आणि वाढलेलं बीपी दोन्ही असेल तर वरचं बीपी १३० च्या खाली आणावं असं आहे. सूचना जोरदार शब्दांत आहे. पण प्रत्येक सूचनेशेजारी तिच्यामागचा पुरावा किती पक्का त्याची खूण असते, ती बघा. पंपिंग कमी असलेल्यांसाठी तिथे 'तज्ज्ञांचं मत' असं आहे. पंपिंग चांगलं असलेल्यांसाठी 'मर्यादित माहिती'. कमी पंपिंगच्या रुग्णांत बीपी किती उतरवावं याची चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी झालेली नाही, हे त्या सूचना लिहिणाऱ्यांनी स्वतःच म्हटलंय. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. फक्त तो आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर येईपर्यंत शेजारची खूण गळून पडते.

बीपी उतरलं, पण कशाने?

आता मामीचा प्रश्न. हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

बीपी उतरवणारी सगळी औषधं हृदयाच्या दृष्टीने सारखी नसतात. दोन उदाहरणं देते. 'ऑलहॅट' नावाच्या प्रचंड मोठ्या अभ्यासात ५५ वर्षांपुढच्या बीपीच्या रुग्णांना वेगवेगळी औषधं दिली होती. त्यातलं एक डॉक्साझोसिन, रक्तवाहिन्या सैल करणारं. २००० साली तो गट मध्येच थांबवावा लागला, कारण क्लोरथॅलिडोन या साध्या, स्वस्त, लघवीवाटे मीठ-पाणी काढणाऱ्या गोळीच्या तुलनेत डॉक्साझोसिन घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअरचं प्रमाण दुप्पट होतं. दोन्ही गटांच्या बीपीतला फरक मात्र जेमतेम दोन-तीन आकड्यांचा. दुसरं उदाहरण मॉक्सोनिडिनचं. हे बीपीचंच औषध, मेंदूकडून हृदयाला येणारे 'पळ, पळ' असे संदेश कमी करतं. कागदावर बघाल तर हार्ट फेल्युअरला अगदी योग्य वाटावं. १,९३४ रुग्णांवर चाचणी झाली, आणि औषध घेणाऱ्यांत ५४ मृत्यू, बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत ३२. चाचणी बंद केली.

याच्या उलट बाजूला एनालाप्रिल. १९८७ साली स्कँडिनेव्हियातल्या फक्त २५३ रुग्णांवर, हार्ट फेल्युअरच्या शेवटच्या पायरीवर असलेल्या माणसांवर, त्याची चाचणी प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांत बिनऔषधी गटातले ४४ टक्के लोक गेले, एनालाप्रिल घेणाऱ्यांतले २६ टक्के. तेही बीपीचंच औषध. पण ते पाइप रुंद करतं, पंपावरचा भार हलका होतो, आणि हृदयाला हळूहळू विद्रूप करणाऱ्या हार्मोनच्या साखळीलाही अडवतं. नळाच्या भाषेत सांगायचं तर दाब कमी दिसतो पण बादली लवकर भरते. हे एकदा डोक्यात बसलं ना, की अर्धा गोंधळ मिटतो.

आजीची 'नवी महागडी गोळी' म्हणजे सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन. २०१४ साली आठ हजारांहून जास्त रुग्णांवर तिची थेट एनालाप्रिलशी तुलना झाली. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी अ‍ॅडमिट होणं, हे मिळून आणखी २० टक्क्यांनी घटलं. त्याच वेळी चक्कर वगैरे लक्षणांसह बीपी उतरण्याचा त्रास एनालाप्रिलवर ९.२ टक्क्यांना झाला होता, या गोळीवर १४ टक्क्यांना. म्हणजे मामीचं निरीक्षण बरोबर, गोळीने बीपी उतरतं. पण तिथे व्हॉल्व्ह आपण मुद्दाम फिरवलाय, मोटर दमलेली नाही. आकडा तोच १०४, अर्थ वेगळा.

अजून एक गोष्ट आहे जी कळल्यावर मी खरंच चकित झाले. कार्व्हेडिलॉल हे बीटा ब्लॉकर जातीचं औषध. ही औषधं हृदयाचा वेग आणि जोर कमी करतात, म्हणून एकेकाळी हार्ट फेल्युअरमध्ये ती देणं म्हणजे चूक मानली जायची. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये १९७५ साली फक्त सात रुग्णांवर कुणीतरी उलटं करून पाहिलं, तिथून चक्र फिरलं. २००१ साली कार्व्हेडिलॉलच्या मोठ्या चाचणीत गंभीर रुग्णांचे मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाले. त्याच माहितीतून पुढे असं दिसलं की ज्यांचं वरचं बीपी सुरुवातीला ८५ ते ९५ एवढंच होतं, त्यांचं औषध घेतल्यावर खाली जायच्या ऐवजी थोडं वर आलं. 'बीपीची गोळी' घेऊन बीपी वाढलं! कारण मोटर सुधारली. अलीकडे मधुमेहाकडून हृदयाकडे आलेलं डॅपाग्लिफ्लोझिन घ्या. ते बीपी फारसं हलवतच नाही, आणि ११० च्या खाली बीपी असलेल्यांनाही त्याचा फायदा तसाच दिसला. अर्थात या चाचण्यांनाही दार होतं. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनच्या चाचणीत सुरुवातीला १०० च्या खाली आणि डॅपाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत ९५ च्या खाली असलेल्यांना घेतलं नव्हतं. त्याखाली उतरलो की आपण नकाशाबाहेर असतो.

हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आजीची गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतली. एकेक पाकीट उलटून पाहिलं आणि विचारलं, "ही अ‍ॅम्लोडिपिन कधीपासून?" कुणालाच आठवेना. वीस वर्षांपूर्वी बीपी निघालं तेव्हा गावच्या डॉक्टरांनी दिलेली ती गोळी. हार्ट अटॅक झाला, पंपिंग ३० वर आलं, पाच नव्या गोळ्या आल्या, पण ही जुनी पाहुणी तशीच राहिली. अ‍ॅम्लोडिपिन वाईट औषध नाही. पण पंपिंग कमी असलेल्या हृदयाचं आयुष्य ते वाढवत नाही, बीपी मात्र खाली खेचतं, आणि वर अनेकांचे घोटे सुजवतं, म्हणजे सूज हृदयाची की गोळीची हेही कळेनासं होतं. बाईंनी ती बंद केली आणि आम्ही थांबवलेली नवी गोळी कमी मात्रेत परत सुरू केली. म्हणजे बीपी कमी होतंय म्हणून एक गोळी काढायला हरकत नव्हती. आम्ही नेमकी चुकीची काढली.

नंतर वाचलं तर हा क्रम बहुतेक तज्ज्ञ असाच सांगतात. हार्ट फेल्युअरच्या माणसाचं बीपी कमी असेल आणि त्रास होत असेल, तर आधी अशा गोळ्या शोधायच्या ज्या हृदयाला काही देत नाहीत पण बीपी उतरवतात. जुनी बीपीची गोळी, प्रोस्टेटसाठी चालू असलेली गोळी, कारण संपलं तरी चालू राहिलेलं नायट्रेट. मग अंगात पाणी साठलेलं नसेल तर लघवीच्या गोळीचा डोस. गोळ्या एकदम सकाळी न घेता दिवसभरात विभागता येतील का ते. आयुष्य वाढवणाऱ्या गोळ्यांना हात सगळ्यात शेवटी, आणि तोही डॉक्टरांनी लावायचा. आणि त्रास होत नसेल, माणूस हिंडतोफिरतो, लघवी नीट होते, डोकं ठिकाणावर आहे, तर नुसत्या १०४ साठी पुष्कळदा काहीच करत नाहीत.

त्रास होतोय की नाही, हे म्हाताऱ्या माणसात ओळखणं मात्र सोपं नाही. वय वाढलं की मोठ्या रक्तवाहिन्या ताठ होतात, त्यामुळे वरचं बीपी चढतं आणि खालचं उतरतं. १५०/६० असे आकडे येतात. वरचं खाली आणायला जावं तर खालचंही घसरतं, आणि हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः खालच्या दाबाच्या काळात. शिवाय उठून उभं राहिलं की रक्त पायाकडे जातं. तरुणपणी शरीर ते क्षणात सावरतं, म्हातारपणी ती यंत्रणा सुस्तावते. बसलेलं असताना १२० आणि उभं राहिल्यावर ९५ असेल, तर घरातलं मशीन "छान" म्हणेल आणि आजी पहाटे बाथरूमच्या दारात पडेल. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. मोजायची पद्धत साधी आहे. पाच मिनिटं शांत बसवून एकदा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी, शेजारी कुणीतरी धरायला उभं राहून. जड जेवणानंतरही बीपी उतरतं, मे महिन्यात घाम गेला की उतरतं, आणि जुलाब-उलट्या झाल्या तर लघवीच्या गोळीसकट ते फारच उतरू शकतं. त्या दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, ग्रुपवर विचारायचं नाही. नाडी अनियमित असेल तर मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं. तेव्हा तीनदा मोजून सरासरी घ्या आणि मशीनला शिव्या देऊ नका.

जाता जाता एक खंत. वर ज्या नोंदवहीबद्दल लिहिलं तिथे सरासरी वय ७३. आपल्याकडे तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १८ हॉस्पिटलांनी २०१३ मध्ये १,२०५ हार्ट फेल्युअरच्या रुग्णांची नोंद केली, तिथे सरासरी वय ६१ निघालं. दहा-बारा वर्षं आधीच! दर चारांतल्या जवळपास तिघांना कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार. म्हणजे आपला 'वृद्ध रुग्ण' त्यांच्यापेक्षा बराच तरुण असू शकतो, आणि आपण आकडे मात्र त्यांचेच वापरतो. नर्सिंग होम नाही पण पाच माणसांचं घर आहे, जेवणात लोणचं-पापड आहे, अशा माणसासाठी १२० की १३०, हे त्याला मोजूनच ठरवावं लागेल.

आजी आता बसून ११२ आणि उभी राहून १०२ असते. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनचा डोस डॉक्टरीणबाईंनी दोन टप्प्यांत वाढवला, दर वेळी किडनी आणि पोटॅशियम तपासून. मामाने एक वही केलीय. तिच्यात बसून बीपी, उभं राहून बीपी, चक्कर आली का, आणि सकाळचं वजन असे चार रकाने आहेत. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वजन वाढलं तर फोन करायचा असं सांगितलंय, कारण पाणी साठतंय हे बीपीच्या आधी वजनकाट्याला कळतं. ग्रुपवर अजूनही फोटो येतो, पण आता वहीच्या पानाचा. परवा मावशीने विचारलं, "१०२? कमी नाही का?" मामाने उत्तर दिलं, "चक्कर नाही, वजन तेवढंच आहे, आत्ता खाली तुळशीला पाणी घालतेय."